मानस कोण?

फेरीबोट शिवोलीच्या धक्क्यापासून हातभर सुटली होती. तेवढ्यात एक माणूस धावत आला, त्याने उडी मारली... आणि तो थेट माझ्या पाकिटावर येऊन आदळला.

माझ्यावर नव्हे हं, पाकिटावर. ते मी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, तान्ह्या पोराला धरतात तसं.

"सॉरी हां बाय... लागलं?"

"मला नाही. ह्याला लागलं असेल."

"ह्यात काय आहे? काचा?"

मी तोंड फिरवून नदीकडे बघत राहिले. शापोरा नदी तेव्हा भरतीची होती, फुगलेली, मातकट. कुणाच्या तरी टोपलीतल्या सुक्या सुंगटांचा, कोळंबीचा वास साऱ्या बोटीवर पसरला होता. पण मला पाठीवर नजर जाणवत होती. वळून बघितलं तर हा गृहस्थ मान वाकडी करून पाकिटावरचा पत्ता वाचत होता!

"तुयें?" तो म्हणाला.

"तुम्हाला काय करायचंय?"

"नाही... मी पण तुयेंलाच चाललोय."

"मग जा ना. मी कुठे धरून ठेवलंय?"

बोटीवरचा खलाशी दोर गुंडाळता गुंडाळता फिस्सकन हसला.

ही गोष्ट एकोणीसशे एकोणनव्वदची, नारळी पौर्णिमेच्या नंतरच्या शनिवारची. गोवा राज्य होऊन दोन वर्षं झाली होती आणि कचेऱ्यांवरच्या नव्या पाट्यांचा रंग अजून ताजा दिसायचा. आता तिथे पूल आहे. गाडीच्या काचा वर असल्या तर खाली नदी आहे हेसुद्धा कळत नाही. मी मात्र अजून पुलावर आले की काच खाली करते.

मी देवकी गवस. कारापूरची. आमचं मूळ दोडामार्गाकडचं. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे म्हणून आम्ही डिचोली तालुक्यात आलो. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, आणि संशयी होते. संशय हा माझा स्वभाव होताच, पण त्या वर्षी तो माझा धंदाही झाला होता.

म्हापशाजवळच्या एका इस्पितळात मी नोंदणीचं काम करायचे. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी एक प्रयोग हाती घेतला होता. अर्धांगाचा झटका आलेला माणूस वेळेत आला, तर मेंदूच्या शिरेत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं. निम्म्या जणांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. शिरेत रंग सोडून आधी एक फिल्म काढायची आणि नंतर एक. मग बघायचं... अडलेलं रक्त पुन्हा वाहायला लागलं का? किती?

त्यासाठी चार आकडे होते. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे गुठळीच्या फटीतून थेंबभर रंग पुढे सरकला, बस्स. दोन म्हणजे वाट उघडली, पण पुढच्या सगळ्या फांद्या भरल्या नाहीत. तीन म्हणजे पार टोकापर्यंत रक्त पोचलं.

आणि हा आकडा देणाऱ्या माणसाला बाकी काहीही कळता कामा नये. पेशंटचं नाव नाही, वय नाही, औषध मिळालं की पाणी तेही नाही. पेशंट उठून बसला, बोलला, गेला — काही नाही. नाहीतर माणूस डोळ्यांनी बघत नाही, मनाने बघतो, असं मोठे डॉक्टर म्हणायचे. अशा तपासनीसाला ते 'आंधळा तपासनीस' म्हणत. तो इस्पितळातला नको, म्हणून नदीपलीकडे तुयेंच्या कारखान्यांजवळच्या एका दवाखान्यातला डॉक्टर त्यांनी निवडला होता. फिल्मवरच्या नावाला काळी चिकटपट्टी लावायची, नंबर घालायचा, लाख लावून पाकीट बंद करायचं आणि दर शनिवारी त्याच्या हातात द्यायचं, हे माझं काम.

"आणि देवकी," मोठे डॉक्टर म्हणाले होते, "वॉर्डात काय चाललंय ते तुला माहीत असतं. तिथे जाताना तोंडावर दगड ठेव."

तेव्हा सांगा, त्या पाकिटाचा पत्ता वाचणारा माणूस मला चोर वाटला तर माझं काय चुकलं?

चोपड्यांच्या धक्क्यावर मी उतरले, तो उतरला. मी बसमध्ये चढले, तो चढला. मी तुयेंला उतरले... तो माझ्या मागोमाग. मी झपाझप चालत दवाखान्यात शिरले आणि समोरच्या सिस्टरला म्हटलं, "तो माणूस शिवोलीपासून माझ्या मागे लागलाय!"

लक्ष्मी सिस्टरने दाराकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगो, ते आमचे डॉक्टर!"

डॉक्टर रामचंद्र हळर्णकर दारात उभे होते. केस वाऱ्याने पिंजारलेले, चपलेला नदीचा चिखल. त्यांनी हात पुढे केला. "आता तरी द्याल?"

"ओळखपत्र दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी दाखवलं. मी फोटो बघितला, चेहरा बघितला, पुन्हा फोटो बघितला.

"जुळतो?"

"फोटोत बरे दिसता," मी म्हटलं, आणि पाकीट दिलं.

*

मग शनिवार येत गेले.

त्यांची खोली मागच्या बाजूला होती. एक जनेल म्हणजे खिडकी, बाहेर काजूचं झाड, भिंतीला उजेडाची पेटी. ते पेटीवर फिल्म लावायचे, दिवा पेटायचा आणि मेंदूतल्या शिरा उमटायच्या... पानं झडलेल्या झाडासारख्या. ते बघत बसायचे. मी दाराजवळच्या स्टुलावर. आकडा कागदावर लिहून, घडी करून, नव्या पाकिटात घालून मला मिळायचा. तेवढंच काम. पण परतीची बस सव्वाचारला असायची.

ज्या गोष्टीबद्दल आम्हा दोघांना खरोखर बोलायचं होतं, तिच्याबद्दल बोलायला बंदी होती. म्हणून आम्ही बाकी सगळ्याबद्दल बोलायचो.

"देवकीबाय, तुम्ही कोंकणी की मराठी?"

"का? भाषेच्या आंदोलनात होता काय तुम्ही?"

"आमच्या घरात दोन्ही पक्ष आहेत. बोलतो कोंकणीत, लिहितो मराठीत, भांडतो दोन्हींत."

"मी तिन्ही मराठीत करते."

"भांडण तर बघितलंच मी. बोटीवर."

ते हसले की एक भुवई वर जायची आणि दुसरी तिथेच राहायची. हे मी का बघत होते, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. संशयी माणसाला स्वतःचा संशय सगळ्यात शेवटी येतो.

म्हापशाला मी चंद्रभागा मावशीकडे राहायचे. तिला मी एकदाच सांगितलं होतं, पाकीट आंधळ्या तपासनिसाकडे नेते म्हणून. मावशीने ते शब्दशः घेतलं. एका शनिवारी मी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी होते, तर ती दारातून म्हणाली,

"काय गो, आंधळ्याक नवी साडी दिसता?"

"तो तसा आंधळा नाही गं मावशी."

"मगे कसो? अर्धो?"

चतुर्थी झाली. त्या आठवड्यात सात नंबरची पेशंट आमच्याकडे होती, मोरजीची एक म्हातारी, कोळीण. आली तेव्हा उजवा हात लुळा, तोंडातून शब्द नाही. आणि शनिवारी सकाळी मी तिच्या खाटेशेजारून चालले होते, तर तिने डाव्या हाताने माझा पदर ओढला. "चेडवा," ती म्हणाली, "च्या हाड." पोरी, चहा आण! सहा दिवसांनी तिच्या तोंडून निघालेले पहिले शब्द. मी चहा आणला, आणि हसू दाबत बस पकडली.

तुयेंच्या दारात उभी राहिले तेव्हा तोंडावर दगड होता. निदान मला तसं वाटत होतं.

डॉक्टरांनी मान वर केली. बघत राहिले. ती भुवई हळूच वर गेली.

"आज काय... चतुर्थीच्या गोड नेवऱ्या खाऊन आलात वाटतं?"

"नाही बा."

"मग चेहऱ्यावर साखर कसली सांडलीय?"

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी फिल्म लावली, दिवा लावला, आकडा लिहिला. त्या दिवशी फार वेळ लागला नाही.

*

पुढच्या शनिवारी मी गेले तर त्यांची खुर्ची फिरवलेली होती. पाठ दाराकडे, तोंड भिंतीकडे.

"पाकीट टेबलावर ठेवा," भिंतीकडे बघतच ते म्हणाले.

"बरं नाही का?"

"बरं आहे. ठेवा."

त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच. आणि त्याच्याही पुढच्या. आकडा लिहून होईपर्यंत वळायचे नाहीत. मग वळायचे, हसायचे, काजूबिया पुढे करायचे, सगळं नेहमीसारखं. पण मी आत येताना मात्र पाठ. मी बोलले काही? वागले काही? की माझं तोंड बघायचीसुद्धा इच्छा उरली नाही?

आणि मग ती निळी वही दिसली.

टेबलाच्या कडेला उघडी पडली होती. उलटं वाचायची कला त्यांचीच, ती मी त्यांच्यावरच वापरली. बारीक, सुवाच्य मराठी अक्षर.

*शनिवार. संध्याकाळी मानसकडे. पावणेसहा.*

*रविवार. मानस रुसली. बाबा दिवसभर तिच्यापाशी.*

*मंगळवार. मानस उघडली! पण अर्धीच. शेवटपर्यंत नाही.*

माझ्या हातातली काजूबी हातातच राहिली.

मानस. मानसी असणार, लाडाने मानस. ती रुसते काय, आणि यांचे बाबा दिवसभर तिच्यापाशी बसतात काय! म्हणजे घरच्यांना पसंत. शनिवारी माझं पाकीट झालं की संध्याकाळी तिच्याकडे. आणि 'उघडली' म्हणजे? मन उघडलं तिने? अर्धंच?

"काय झालं? बी कडू लागली?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "फार."

त्या रात्री मावशीने ताटातलं तसंच राहिलेलं जेवण बघितलं आणि म्हणाली, "आंधळ्याक दुसरी दिसली वाटता."

मावशीला शाळा तिसरीपर्यंतची, पण निदान बरोबर.

*

नोव्हेंबर संपता संपता मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

"देवकी, जुनी एखादी फिल्म काढ. नवी चिकटपट्टी लाव, नवा नंबर दे आणि बाकीच्यांबरोबर पाठव. तपासनिसाला कळता कामा नये. तीच फिल्म बघून तोच माणूस तोच आकडा देतो का, ते आपल्याला कळायला हवं."

मी सात नंबर काढली. का काढली? मला तो दिवस आवडला होता म्हणून. दुसरं कारण नव्हतं. सातच्या जागी एकोणीस लिहिलं आणि शनिवारी नेऊन दिली.

सोमवारी नोंदवहीत आकडे उतरवायला बसले. पाकीट फोडलं, कागदाची घडी उलगडली.

एकोणीस: दोन.

पान मागे उलटलं. सात: तीन.

एकच फिल्म. एकच डोळे. एकदा तीन, एकदा दोन.

तो कागद मी किती वेळ धरून बसले होते कोण जाणे. संशय आता खेळातला राहिला नव्हता. हा माणूस फिल्म बघतो तरी का? की भिंतीकडे तोंड करून मनाला येईल तो आकडा लिहितो? पाठ त्यासाठीच फिरवतो? मी आकडे जुळत नाहीत असं सांगितलं, तर त्यांचं नाव कापलं जाणार. आत्तापर्यंतच्या सगळ्या फिल्म दुसऱ्याकडे जाणार. आणि तो प्रयोग त्यांच्या किती जिवाभावाचा होता ते मला माहीत होतं. मिठागरावर राबणाऱ्या बापाचा मुलगा, तालुक्यातल्या एका दवाखान्यात खोकल्याची औषधं लिहून देत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांवर कुणी एवढा भरवसा ठेवला होता.

आणि नाही सांगितलं, तर? त्या मोरजीच्या म्हातारीसारखी माणसं खाटेवर येत राहणार, आणि औषधाने रक्त वाहतं की नाही याचं उत्तर एका खोट्या आकड्यावर उभं राहणार.

"जुळले का आकडे?" मोठ्या डॉक्टरांनी दारातून विचारलं.

"अजून... उतरवून झाले नाहीत," मी म्हटलं.

नोकरीतलं माझं पहिलं खोटं. ते सहा दिवस मी कसेबसे काढले. शनिवारी पाकीट नव्हतं, नवा पेशंट आला नव्हता. रविवारी सकाळी मात्र मी दोन्ही कागद पर्समध्ये घातले आणि फेरीबोट गाठली. एकदा समोर बसून विचारायचं ठरवलं होतं. नियमात बसत नव्हतं, माहीत होतं.

दवाखान्यात लक्ष्मी सिस्टर एकटी भाजी निवडत होती.

"डॉक्टर? ते आगरवाड्याक. मानशीर."

"कुणाकडे?"

"मानशीर गो. रविवारचे ते तिच्यापाशीच असतात. बापाचो तर जीव की प्राण ती."

पर्समधले कागद मी विसरले. खरं सांगते, साफ विसरले. आकडे गेले खड्ड्यात, आधी मला ती बघायची होती!

*

आगरवाडा नदीच्या काठावर. बसमधून उतरून मी एका बाईला विचारलं, हळर्णकरांची मानस कुठे राहते? तिने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघितलं. "रावता? ती खंय रावतली... थंयच आसा, बांदार." तिथेच, बांधावर आहे, असं म्हणून तिने हाताने नदीकडे दाखवलं.

मी बांधावरून चालत गेले. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागर. पावसाळ्याचं पाणी उतरलेलं, वाफे नुकते सारवून सपाट केलेले, आरशासारखे चमकत होते. खारट, ओलसर वारा. साडीचा काठ चिखलाने भरला. लांबवर दोन माणसं दिसत होती, गुडघाभर चिखलात. एक म्हातारा आणि एक... भुवई दिसायच्या आधीच मी ओळखलं.

बाई मात्र कुठेच नव्हती.

"देवकीबाय?" डॉक्टर चिखलातून वर आले. "तुम्ही? आज? पाकीट?"

"मानस कोण?"

"काय?"

"मानस. जिच्याकडे शनिवारी संध्याकाळी जाता. जी रुसते. जी... अर्धीच उघडते." माझा आवाज फाटला. "मी वही वाचली. उलटी वाचली. चूक झाली. पण सांगा मला, कोण ती?"

त्यांनी हातांचा चिखल झटकला. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू पसरत गेलं. ते बाजूला झाले आणि मागे हात केला.

बांधात एक जुनं लाकडी दार बसवलेलं होतं. जाड फळ्यांचं, शेवाळाने हिरवं पडलेलं. त्याच्या खालून नदीचं पाणी गुळगुळ करत आत येत होतं.

"ही," ते म्हणाले. "नमस्कार करा. वयाने मोठी आहे. माझ्या पणजोबांनी बसवली."

"हे... दार आहे."

"भरतीचं पाणी आत घ्यायचं दार. कोंकणीत मानस म्हणतात. तुमच्या डोंगराकडे समुद्राचं पाणी येत नाही, म्हणून शब्दही पोचला नाही. लिहितो मराठीत, पण हिला मराठी नाव कुठलं? मानसच लिहिलं."

म्हातारा, पांडुरंगबाब त्यांचं नाव, फावड्यावर हात टेकून ऐकत होता. "कोण रे ही? दार पळोवंक आयल्या?" दार बघायला आलीय का, असं त्याने विचारलं.

"होय बाबा. तिका मानस बायल कशी दिसली."

मानस मला बाई वाटली हे ऐकून म्हातारा दात नसलेल्या तोंडाने इतका हसला की त्याला खोकला आला. "बायलेपरस वायट गो ती! फळी फुगली की उघडनाच." बायकोपेक्षा वाईट, म्हणे.

मी तिथेच बांधावर बसले. हसावं की रडावं कळेना. शेवटी दोन्ही थोडं थोडं केलं.

"पण वहीत लिहायचं कशाला?" मी डोळे पुसत विचारलं. संशय एवढ्यात कसा जाईल?

ते शेजारी बसले. मध्ये हातभर अंतर ठेवून. "शिकायला. बाबांना मी लहानपणी विचारायचो, मानस उघडली, मग मिठागर भरलं ना? तर ते काय म्हणायचे... बाबा, सांगा हिला."

म्हाताऱ्याने फावडं लांबवर, पार टोकाच्या वाफ्याकडे दाखवलं. "मानस उघडली म्हणून जालें ना गो बाये. उदक निमाण्या वाफ्याक पावूंक जाय. ताका भरलें म्हणप."

निमाणा म्हणजे शेवटचा. शेवटच्या वाफ्यात पाणी पोचेल, तेव्हा भरलं म्हणायचं.

"तेच त्या फिल्ममध्ये आहे," डॉक्टर म्हणाले. "शीर उघडलेली दिसते आणि जीव हरखतो. पण पुढच्या बारीक फांद्या भरल्या का? तिथपर्यंत नजर न्यायची सवय लागावी म्हणून मी इथे बसून बघतो. कुठल्या वाफ्याला किती वेळात पाणी पोचतं ते."

आता मात्र मला पर्स आठवली. मी दोन्ही कागद काढले आणि त्यांच्यासमोर धरले.

"सात आणि एकोणीस ही एकच फिल्म आहे. मुद्दाम दोनदा दिली होती. तुम्ही एकदा तीन लिहिलंत, एकदा दोन. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही... का, डॉक्टर?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. कागदांकडे त्यांनी फारसं बघितलंच नाही. पाण्याकडे बघत राहिले.

"सात. चतुर्थीनंतरचा शनिवार ना?"

"हो."

"तुम्ही दारात उभ्या राहिलात. तोंडावर दगड ठेवायचा प्रयत्न चालला होता, पण दगडच हसत होता. मला कळलं, पेशंट बरा झाला. मग मी फिल्म लावली आणि... देवकीबाय, मी फिल्म बघितलीच नाही. तुम्हाला बघितलं. आणि तीन लिहिलं."

बांधाखाली पाणी वाहत होतं. त्याचा आवाज अचानक फार मोठा वाटायला लागला.

"घरी गेल्यावर लक्षात आलं. म्हणून खुर्ची फिरवली."

"मला वाटलं... माझं तोंड बघायची तुमची इच्छा नाही."

"इच्छा होती," ते म्हणाले, "म्हणूनच फिरवली."

पांडुरंगबाबना ऐकू कमी यायचं की नाही मला ठाऊक नाही. पण तेवढ्यात त्यांना लांबच्या वाफ्याकडे काहीतरी काम निघालं.

"तेव्हाच का नाही कळवलंत?" मी विचारलं. आवाज कठोर काढायचा होता, जमला नाही.

"घाबरलो. चूक कबूल केली तर काम जाणार. काम गेलं तर शनिवार जाणार." त्यांनी कागद मांडीवर घेतला, खिशातलं पेन काढलं. "आता द्या. लिहून देतो."

चिखलाच्या बोटांनी त्यांनी लिहिलं: *क्रमांक सात. तीन नव्हे, दोन. पहिल्या वेळी तपासनिसाचं लक्ष फिल्मवर नव्हतं.* खाली सही.

"हे दिलंत की तुमचं नाव जाईल," मी म्हटलं.

"नाही दिलं तर तुम्ही शनिवारी कुठलं तोंड घेऊन याल माझ्याकडे?"

*

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढला.

"लक्ष फिल्मवर नव्हतं. मग कुठे होतं?"

मला तोंडावर ठेवायला दगड बिगड काही सापडेना.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा परत घातला. "समजलं. माणूस सच्चा आहे. पण देवकी, आता एक तर तो तपासनीस राहू शकत नाही, नाहीतर पाकीट तू नेऊ शकत नाहीस."

"मी नेत नाही," मी लगेच म्हटलं. "दुसऱ्या कुणाला पाठवा. त्यांना राहू द्या."

निरोप गेला. दोन दिवसांनी तुयेंहून उलट चिठ्ठी आली, मोठ्या डॉक्टरांच्या नावाने. त्यांनी ती वाचून माझ्याकडे सरकवली.

*पाकीट दुसरं कुणी आणलं, तरी मी दाराकडेच बघत राहीन. फिल्म बेळगावच्या एखाद्या तपासनिसाकडे पाठवाव्यात. सगळ्या, पहिल्यापासून.*

तशा पाठवल्या. पुढे त्या प्रयोगाचं जे व्हायचं ते झालं. औषधाने काहींचं रक्त वाहिलं, काहींचं नाही. एक-दोघांचं नको तिथे वाहिलं. मोठे डॉक्टर शेवटपर्यंत ना फार हसले ना फार रडले. पण बेळगावच्या माणसाने सात नंबरला आकडा दिला तो मला पाठ आहे. दोन. ती मोरजीची म्हातारी मात्र पुढे कितीतरी वर्षं चहा मागत होती. तिचं दोनवरच भागलं.

मला शनिवारचं काम उरलं नव्हतं. तरी पुढच्या शनिवारी मी साडी बदलली.

"आंधळो गेलो मरे तुझो?" मावशी म्हणाली.

"बघून येते," मी म्हटलं.

शिवोलीच्या धक्क्यावर बोट लागली होती. मी चढले, कठड्याशी उभी राहिले. हात कसे रिकामे रिकामे वाटत होते... बोट सुटायची घंटा झाली. मी धक्क्याकडे बघितलं. कुणी धावत येत नव्हतं. हातभर पाणी पडलं, दोन हात पडलं.

"आज उडी मारली नाही," मागून आवाज आला. "आधीच येऊन बसलो."

ते पलीकडच्या कठड्याला टेकून उभे होते. चपला स्वच्छ. केस विंचरलेले, म्हणजे वाऱ्याने विस्कटण्यापुरते विंचरलेले.

"तुम्ही इकडे काय करताय?"

"म्हापशाला आलो होतो. म्हटलं, बघावं... पाकीट नसताना तुम्ही येता का ते."

"मी मावशीच्या कामाला चाललेय."

"कुठे?"

चोपड्यांना मावशीचं कुणी नव्हतं. खलाशी दोर गुंडाळत होता, त्याने कान इकडे लावलेत हे मला दिसत होतं.

ते जवळ आले. आणि बघायला लागले. पाठ न फिरवता, भिंतीचा आडोसा न घेता, सरळ. उजेडाच्या पेटीवरच्या फिल्मकडे बघायचे तसे, घाई न करता. मी खाली बघितलं, पाण्याकडे बघितलं, मग शेवटी वर बघितलं. दगड घरीच राहिला होता.

"आता बंदी नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही." मी पदर सावरला. "बघून झालं असेल तर... आकडा सांगा."

"तीन."

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एवढ्यावर मी विश्वास ठेवणार होते होय?

"मागेही तीनच लिहिलं होतंत," मी म्हटलं. "नंतर दोन निघालं. पुन्हा तपासा."

ते हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले. बोट नदीच्या मध्यावर आली होती, वारा वाढला होता. मग त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यापासून पुन्हा बघितलं, कपाळ, डोळे, हनुवटी, कठड्यावर घट्ट धरलेली माझी बोटं... शेवटच्या वाफ्यापर्यंत. एवढा वेळ लावला की चोपड्यांचा धक्का दिसायला लागला.

"तीन," ते म्हणाले. "माझ्याकडूनही."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. खलाशाने दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

दोन्ही आकडे जुळले होते. नोंद मी केली.